देवाच्या शेतातील सारख्या शिळा

मनुष्य मेल्यावर त्याच्या कबरेवर केवढा दगड ठेवावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. ज्याची जशी ऐपत तसा त्याने ठेवावा, असे कोणीही म्हणेल. तथापि ह्या लहान प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. तो असा की, प्रभूच्या मंडळीत जी समता आपण तोंडाने कबूल करतो, ती शेवटच्या मूठभर मातीपर्यंत आपण पाळणार की नाही? ह्याचा विचार करण्यासाठी वाचकांनी आज आमच्याबरोबर मनाने एका दूरदेशीच्या कबरस्थानात यावे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना संस्थानात सेलम नावाचे गाव मोरेव्हियन मंडळीने १७६६ साली वसविले. आता ते विन्स्टन-सेलम ह्या मोठ्या शहराचा एक भाग झाले आहे. तेथील कबरस्थानात १७७१ पासून मृतांना मातीआड करीत आले आहेत. ते लोक त्यास कबरस्थान म्हणत नाहीत, देवाचे शेत म्हणतात. पौलाने करिंथ येथील मंडळीस पुनरुत्थानाविषयी लिहिताना बीजाचा दृष्टांत दिला आहे, तोच ह्या नावाच्या मुळाशी आहे. ज्याने शेतात दाणा टाकून पावसाची वाट पाहिली आहे, त्यास ह्या नावाचा अर्थ सांगावयास नको.

ह्या शेतात शिरताच डोळ्यांत भरते ती एक गोष्ट. तेथे उंच स्तंभ नाहीत, कोरीव पुतळे नाहीत. हिरवळीवर पांढऱ्या संगमरवरी शिळा ओळीने आडव्या पडलेल्या आहेत. प्रौढ माणसाची शिळा २४ इंच लांब, २० इंच रुंद व ४ इंच जाड. व्यापारी असो, कुंभार असो, पाळक असो की मोलकरीण असो, माप तेच. दुसरी गोष्ट अशी की, येथे कुटुंबाची जागा निराळी राखलेली नाही. विवाहित बंधू एका भागात, विवाहित भगिनी दुसऱ्या भागात, अविवाहित तरुण, तरुणी व मुले आपापल्या भागात, आणि ज्याला जेव्हा बोलावणे येईल त्या क्रमाने त्याची कबर. जिवंतपणी हे लोक अशाच गटांनी एकत्र प्रार्थना करीत. मरणानंतरही तीच संगत.

ही चाल त्यांनी जर्मनीतून आणली. मोराव्हिया देशात धर्मासाठी छळ सोसून काही कुटुंबे १७२२ साली सॅक्सनी प्रांतात पळून आली. तेथे काउंट झिंझेनडॉर्फ ह्या जमीनदाराने त्यांस आपल्या जमिनीवर आसरा दिला, आणि हेर्नहूट गाव उभे राहिले. गावाजवळच्या हुटबर्ग टेकडीवर १७३० मध्ये त्यांनी आपले देवाचे शेत आखले. १७३२ च्या ईस्टरच्या दिवशी तेथील तरुण बंधू सूर्योदयापूर्वी त्या टेकडीवर गेले व कबरांमध्ये उभे राहून त्यांनी प्रभूच्या पुनरुत्थानाची स्तुती केली. सेलम येथे ही पहाटेची उपासना १७७२ पासून होत आहे. आदल्या दिवशी कुटुंबातील माणसे आपल्या प्रियजनांच्या शिळा घासून स्वच्छ धुतात व त्यांवर फुले ठेवतात. मग उजाडण्यापूर्वी पितळी कर्ण्यांच्या नादात सर्व मंडळी शेताकडे चालत जाते. कोणी वारला म्हणजे तो मेला असे न म्हणता तो घरी गेला असे म्हणण्याची त्यांची रीत आहे. त्याच्या दफनाच्या वेळी त्याचे जीवनवृत्त वाचून दाखवितात; पुष्कळदा ते त्याने स्वतःच लिहून ठेविलेले असते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, ह्यात विशेष ते काय? माती सर्वांस सारखेच करते. मेलेल्यांस समता देणे फुकटचे काम आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु शिळा मेलेल्यांसाठी नसते, ती जिवंतांसाठी असते. जो श्रीमंत दर ईस्टरला त्या ओळींमधून चालतो, त्यास आपला दगड केवढा असणार हे आधीच ठाऊक असते. पैशाने तो एक इंचही वाढावयाचा नाही, हा धडा त्यास जन्मभर मिळतो. पतीशेजारी पत्नीस निजवीत नाहीत, हे दुःखास कठीण वाटेल, हे खरे. पण नात्याचा जिव्हाळा तेथे नाकारलेला नाही. शनिवारी दगड धुणारे हात घरच्याच माणसांचे असतात.

तथापि सत्य सांगताना अर्धेच सांगू नये. हेर्नहूट येथील शेताच्या मध्यभागी झिंझेनडॉर्फ घराण्याच्या कबरा इतरांहून मोठ्या व उंच आहेत. आणि सेलमची गोष्ट तर याहून दुःखाची आहे. तेथील मंडळी स्वतः गुलाम बाळगीत असे. आरंभीच्या वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले काळे बंधू-भगिनी गोऱ्यांच्या ओळींतच पुरले गेले. परंतु १८१६ मध्ये ठरले की, काळ्यांचे कबरस्थान यापुढे निराळे असावे. आणि पुढे काय झाले पाहा: १८२२ मध्ये त्यांची मंडळीही निराळी करण्यात आली. मेलेल्यांस काय कळते, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. बांध प्रथम कबरस्थानात पडला. सहा वर्षांत तो प्रार्थनामंदिरातही दिसू लागला. दगड मात्र सारखेच राहिले होते! शेवटी २००६ साली त्या प्रांताच्या मोरेव्हियन मंडळीने गुलामगिरीतील आपल्या वाट्याबद्दल उघडपणे क्षमा मागितली.

यावरून दोन गोष्टी दिसतात. एक, चांगली चाल मनुष्यास चांगले करीतच नाही असे नव्हे. पण ती चाल स्वतःचे रक्षण करू शकत नाही, तिला प्रत्येक पिढीने नव्याने पत्करावे लागते. दुसरी, ज्यास आपण आपल्या शेजारी मातीत घेण्यास कचरतो, त्यास आपण आपल्या शेजारी जिवंतही खरे घेतलेले नसते.

बंधु-भगिनींनो, सेलम दूर आहे, पण कबरस्थान प्रत्येक मंडळीस आहे. आपल्या गावी कोणी वारला म्हणजे त्यास खांदा देण्यास कोण पुढे येतो व कोण कुंपणाशी उभा राहतो? पूर्वीच्या जातीचे नाव कबरेची जागा ठरविताना कोणाच्या ओठी येते काय? मयताच्या मानासाठी चिरेबंदी कबर बांधून विधवेच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज ठेविले जाते काय? उपदेशकाने ह्या गोष्टी मर्तिकाच्या दिवशी काढू नयेत, कारण त्या दिवशी मने दुखावलेली असतात. पंच शांतपणे बसतील अशा वेळी त्या काढाव्यात, आणि जे ठरेल ते आपल्या घरापासून लागू करावे.

शेतकरी पेरताना हा दाणा पाटलाच्या कणगीतला आणि हा मजुराच्या पदरातला असे म्हणून वेगळे तास ओढीत नाही. एकाच तिफणीतून सर्व दाणे पडतात. देवाच्या शेतातही पेरणी तशीच झाली पाहिजे. कारण कापणी करणारा एकच आहे.