ॲरिस्टॉटलचा विवेकविचार

इ. स. पूर्व चौथ्या शतकातील ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने शहाणपणाचे दोन प्रकार मानले: ‘सोफिया’, म्हणजे कधीही न बदलणाऱ्या तत्त्वांचे ज्ञान, आणि ‘फ्रोनेसिस’, म्हणजे समोरच्या प्रसंगात माणसाचे हित ओळखून त्याप्रमाणे वागण्याची विवेकशक्ती. तत्त्वज्ञ थेलीझला तो पहिल्या अर्थाने ज्ञानी ठरवतो, पण अशा माणसांना स्वतःचे हित कळत नाही हा लोकांचा आक्षेपही नोंदवतो; विवेकी म्हणून मात्र तो अथेन्सचा कारभार पाहणाऱ्या पेरिक्लीझचे नाव घेतो. तरुण भूमितीत पारंगत होतो, परंतु विवेकी होत नाही, कारण विवेकाला लागणारा अनुभव काळानेच येतो, हे त्याचे निरीक्षण फार मोलाचे आहे. नुसत्या चतुराईला तो विवेक मानत नाही, कारण चतुर माणूस दुष्ट हेतूही तितक्याच सफाईने तडीस नेतो.