चाक कोणाचं धरायचं?

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता सपाट आणि उघडा आहे. बडनेरा मागे पडलं की दोन्ही हातांना काळी जमीन, मध्ये मूर्तिजापूर, पुढे बोरगाव मंजू. घाट नाही, सावली बेताची. जून 2022 मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका मार्गिकेचं 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. असा गुळगुळीत रस्ता सायकल शर्यतीत संघाला धार्जिणा असतो. माझा पुतण्या या भागातल्या शर्यतींत उतरतो, कोणत्याही संघाविना. त्याचा प्रश्न तिथूनच सुरू झाला.

"काका, मोठ्या शहरातला संघ येते. सहा जण, एकच जर्सी. एक जण सुटला की बाकीचे पाच आमच्यापुढे येऊन हळू चालवतात. मंग त्याच्यामागं धावायचं कोणी? आमीच. आमी दमलो की दुसरा सुटते. बक्षीस एकाले, अन् राबतात सहा जण. हा न्याय झाला का?"

"नियमात बसतं ते. रस्त्यावरची शर्यत अशीच असते."

"नियमाचं नाई इचारलं मी. न्यायाचं इचारलं."

त्याचं बरोबर होतं. नियम दाखवून न्यायाचा प्रश्न मिटत नाही. मी आधी वाऱ्याचं गणित मांडलं. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाला सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याचं चाक धरून, म्हणजे त्याच्या आडोशाला चिकटून चालवलं की मागच्याची चौथाई-तिहाई ताकद वाचते. सहा जण पाळीपाळीने पुढे आले तर प्रत्येकाला विश्रांती मिळते, एकट्याला ती कधीच नाही.

"म्हणजे ते आमच्यापेक्षा ताकदवान नसले तरी जिंकतात."

"हो. पण ते फुकट जिंकत नाहीत. 1934 च्या तूर द फ्रान्समध्ये रने व्हिएतो नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. डोंगरात तो भलताच जोरात. त्याच्या संघाचा नायक आंतोनँ मान्य याचं चाक निकामी झालं, तर यानं स्वतःचं पुढचं चाक काढून दिलं आणि मदतीची वाट पाहत रस्त्याकडेच्या कठड्यावर रडत बसला. दुसऱ्या दिवशी तर चढावर उलटा मागे गेला आणि आख्खी सायकल दिली. मान्य जिंकला. व्हिएतोला ती शर्यत पुढे कधीच जिंकता आली नाही. आता सांग, अन्याय कोणावर झाला? मान्यशी झुंजणाऱ्या परक्यांवर, की व्हिएतोवर?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "त्याच्यावर. पण त्यानं तो स्वतःहून घेतला ना काका. आमाले कोणी इचारलं बी नाई."

हे मला खोडता आलं नाही. जो संघात आहे त्याने निदान होकार दिलेला असतो.

"मंग आडोसा घेणंच बंद करा," तो म्हणाला. "नागपूरच्या डॉक्टर अमित समर्थांनी 2017 मध्ये सायकलवर अमेरिका पार करायची शर्यत एकट्यानं पुरी केली. तिथं दुसऱ्याच्या मागं लपता येत नाई."

"ती घड्याळाशी लढाई आहे. तिथे माणूस माणसाला वाचत नाही, फक्त स्वतःला वाचतो. तुला घोळक्यातली शर्यत हवी आहे ना? मग आडोसा राहणार, आणि आडोसा आला की सोबतीही आले."

इथे त्याने खरा पेच काढला. अकोला, दर्यापूर, परतवाड्याकडची त्याच्यासारखीच चार-पाच सुटी पोरं येतात. त्यांच्याशी आधी बोलून मोट बांधायची, असं त्याच्या मनात होतं. "पण शेवटी बक्षीस एकच. म्हणजे ऐंशी किलोमीटर दोस्ती करायची, अन् शेवटी दगा द्यायचा? हे मले जमत नाई."

मी त्याला टोकियोची गोष्ट सांगितली. 25 जुलै 2021, ऑलिंपिकमधली महिलांची रस्ता शर्यत, 137 किलोमीटर. नेदरलँड्सच्या चौघी, चौघीही जगज्जेत्या दर्जाच्या. ऑस्ट्रियाची आना किझनहोफर एकटी, पेशाने गणितज्ञ. सुरुवातीलाच ती निघाली. सोबत पोलंड, इस्राएल, दक्षिण आफ्रिका आणि नामिबियाच्या मुली. ज्यांच्यामागे मोठा संघ नव्हता अशा या पाच जणींनी पाळीपाळीने वारा झेलला. दोघी मागे पडल्या. मग साधारण 40 किलोमीटर उरले असताना, चढावर, किझनहोफर उरलेल्या दोघींनाही सोडून गेली आणि सव्वा मिनिटाच्या फरकाने जिंकली. डच चमूतली आनेमीक फान फ्लॉयटन रेषेवर हात उंचावून आली. आपणच पहिल्या आलो असं तिला वाटलं होतं. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे कोणी आहे हेच तिला ठाऊक नव्हतं.

"म्हणजे तिनं पण सोडलंच की दोघींले."

"सोडलं. पण फसवलं का? तिघींनाही पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं की ही सोबत रेषेपर्यंतची नाही. तिने आपल्या पाळीचा वारा झेलला, आणि त्या दोघींपेक्षा जास्त जोर होता म्हणून गेली. दगा तेव्हा झाला असता, जर पाळी आली की थकल्याचं सोंग करून मागे राहिली असती."

"सोंग तं सगळेच करतात काका."

"ज्याच्याशी लढतोस त्याच्यासमोर कर. ज्याला शब्द दिलास त्याच्यासमोर नाही."

"अन् त्या संघाचे दोघं अन् मी असे तिघं पुढं सुटलो, अन् ते म्हणाले, तू बी ओढ, तं?"

"ओढू नकोस. तू वारा कापशील तेव्हा मागे त्यांचे चौघं आराम करत असतील. तू त्यांचं काही देणं लागत नाहीस."

"नाई पटत. मी दोन-चार पाळ्या देईन. नुसतं चाक धरून जिंकलो तं मूर्तिजापुरात तोंड दाखवाले मले जड जाईन." मी वाद घातला नाही, सायकल त्याची, आणि लोकही त्याचे.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसलो. त्या संघाकडून निरोप आला होता: आमच्या माणसाला मदत कर, पुढच्या हंगामात तुला जर्सी देऊ. जर्सी घेण्यात वावगं काही नाही, हे मी त्याला सांगितलं. पण मग ते झेंडा दाखवण्याआधी त्या सुट्या पोरांना सांग. त्यांच्यात बसून, त्यांच्या आडोशाला राहून, काम दुसऱ्याचं करायचं, हे शर्यत विकणं झालं. त्याने मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकणं, हे मला कळलं नाही.

आता अमरावती-अकोल्याकडे शर्यती भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. संघ उतरू द्या, पण प्रवेश अर्जावर तसं छापा, आणि बक्षिसाच्या यादीत संघाचं बक्षीस वेगळं ठेवा, म्हणजे राबणाऱ्या पाचांचीही नावं लागतील. आणि वर्षातून एक शर्यत परतवाड्याहून चिखलदऱ्याला न्या. त्या चढावर वेग इतका पडतो की आडोशाचा फायदा फारसा उरत नाही. सुट्या पोरांना तिथे बरोबरीची संधी मिळेल.