स्वस्त लेझर आणि एकतीस शेजारी

घरातल्या फायबरच्या डब्यात मिठाच्या कणाएवढ्या चिपचा एक लेझर असतो. तो स्वस्त झाला म्हणून फायबर घरोघरी पोचलं. पण स्वस्त म्हणजे काय? चांगल्या वस्तूतून काहीबाही काढून उरलेलं?

जीपॉन हे घरगुती फायबरचं प्रचलित तंत्र घ्या. एक्सचेंजमधून निघालेल्या एका फायबरला स्प्लिटरने फाटे फुटतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत जातात. एक्सचेंजचा लेझर सगळ्यांत मिळून एक, म्हणून तो महाग असला तरी चालतं. घरातला मात्र प्रत्येकाला वेगळा लागतो.

लेझर तापला की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी सरकते. ती जागेवर ठेवायला आत थंडाव्याची सोय लागते आणि ती महाग पडते. २००३ साली आयटीयूने जीपॉनचं मानक ठरवताना एक्सचेंजच्या लेझरला १४८० ते १५०० नॅनोमीटर एवढीच जागा दिली, घरातल्याला मात्र १२६० ते १३६०. शिवाय १३१०च्या आसपास साध्या फायबरमध्ये प्रकाशाचे ठोके फारसे पसरत नाहीत. म्हणजे साध्या लेझरला सामावून घेईल इतका रस्ताच रुंद केला. मला ही निव्वळ काटकसर वाटत नाही, माणुसकी वाटते.

पण याच जाळ्यात प्रत्येक घराची बोलायची पाळी ठरलेली असते. पाळी संपली की लेझर विझायला हवा. एखादा बिघडून पेटलेलाच राहिला, तर त्या फाट्यांवरच्या सगळ्यांचं नेट ठप्प होऊ शकतं. अशा डब्याला इंजिनियर ‘रोग ओएनयू’ म्हणतात. इंग्रजीत रोग म्हणजे उनाड, पण मराठीत वाचलं तरी अर्थ जुळतो!

थंडाव्यावर वाचवलेल्या पैशांची भरपाई आराखड्यातच आहे. विझण्याची शिस्त तपासण्यावर पैसे वाचवले, तर फायदा एकाचा होतो आणि किंमत ३१ शेजारी मोजतात. त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. मी सॉफ्टवेअर लिहितो. तिथेही टेस्टिंगला कात्री लागते, तेव्हा ‘काय गाळलं?’ यापेक्षा ‘गाळल्याचा भार कुणावर पडला?’ हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

कुणी म्हणेल, तपासणीने डबा महागला तर एखादं घर जाळ्याबाहेरच राहील. खरं आहे, आणि ते नुकसान लहान नाही. पण जाळं सगळ्यांचं असेल, तर तपासणीचा खर्चही सगळ्यांनी मिळून उचलावा. एक्सचेंजच्या त्या महागड्या लेझरचा उचलतोच की आपण.