शून्य आणि ‘काही नाही’

बाबा चार वर्षांपासून चेन्नईत माझ्याकडे राहतात, पण तमिळ त्यांना येत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टर आणि ते यांच्यामधली दुभाषी मीच. कॅथेटर काढल्यावर लघवी ठिबकते का, दिवसाला किती पॅड लागतात, हेही मलाच विचारावं लागे. लेकीनं बापाला विचारावेत असे हे प्रश्न नव्हेत. आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत ते उरकत असू.

दीड महिन्यानं पीएसएची पहिली तपासणी झाली. ग्रंथीच काढून टाकल्यावर हे प्रथिन रक्तात जवळपास सापडू नये. सापडलं, तर ते बनवणाऱ्या पेशी कुठंतरी उरल्या असण्याची शक्यता असते. अहवालात होतं : ‘०.१ पेक्षा कमी’. डॉक्टर हसून म्हणाले, ‘ओन्नुम् इल्लै.’ तमिळमध्ये याचा अर्थ ‘काही नाही’ असा होतो, आणि ‘काळजीचं काही नाही’ असाही. मी बाबांना सांगितलं, ‘शून्य.’

त्या शब्दावर ते तीन महिने शांत झोपले. पुढच्या तपासणीची तारीख आली तेव्हा म्हणाले, ‘शून्य आलंय ना? मग पुन्हा सुई कशाला?’

त्यांचं चुकत नव्हतं. चूक माझ्या अनुवादात होती. मग सगळं सांगावं लागलं : ०.१ च्या खालचं त्या तपासणीत मोजलं जात नाही, आकडा ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर आजार परतला असं साधारणपणे धरतात; म्हणून ही तपासणी वर्षानुवर्षं करायची.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे तुला माहीत होतं, आणि मला नव्हतं.’

अनुवादकानं मूळ लेखकाशी इमान राखावं की वाचकाशी, यावर एम.ए.ला आम्ही तासन्‌तास वाद घातले. इथं मजकूर वाचकाच्याच शरीराबद्दल होता. त्यांची तीन महिन्यांची झोप मी क्षुल्लक मानत नाही. ‘मला आकडे सांगू नकोस,’ असं ते म्हणाले असते, तर मी गप्प बसले असते आणि ते योग्यही ठरलं असतं. पण तसं म्हणायची संधीच मी त्यांना दिली नाही. न कळण्याचा हक्कही ज्याचा त्यानंच वापरायचा असतो.

दुसरा अहवाल आला. मी वाचलं, ‘०.१ पेक्षा कमी.’ बाबांनी तो आकडा जसाच्या तसा डायरीत लिहिला, आणि खाली पुढची तारीख.