उंबराच्या झाडावरून

माणसाने माणसाकडे कसे पाहावे, हा प्रश्न वरकरणी अगदी साधा, किंबहुना पोरकट वाटेल. देवाने डोळे दिले आहेत, ते उघडले की जग दिसते. त्यात पापपुण्याचा विचार कुठून आला? आम्हीही आजवर असेच मानत आलो होतो. सेमिनरीत नीतिशास्त्राचे पाठ घेताना डोळ्यांच्या पापाविषयी आम्हांला शिकवले गेले, पण ते वासनेच्या संदर्भात. वासनेचा लवलेश नसलेली, निव्वळ कुतूहलाची नजरही एखाद्याला दुखवू शकते, हे कळण्यासाठी मात्र आम्हांला वयाची पन्नाशी ओलांडून गोव्यातील एका उघड्या छताच्या बसमध्ये चढावे लागले.

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राचे अप्रूप किती, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना सांगून पटणार नाही. गोदावरी, पूर्णा, दुधना ह्या आमच्या नद्या. उन्हाळ्यात त्यांच्या पात्रातही पाणी शोधावे लागते. आमच्या धर्मग्रामातील सात कुटुंबांनी दोन वर्षे भिशी लावून पैसे साठवले आणि गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ती मुलाबाळांसह गोव्याला निघाली. त्यांत शाळेतला शिपाई होता, परिचारिका होती, दुसऱ्याच्या रानात मजुरी करणारी दोन कुटुंबेही होती. त्यांनी आग्रह केला म्हणून आम्हीही सोबत गेलो. पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा एक आजी कितीतरी वेळ पदराने डोळे पुसत उभ्या होत्या. “एवढं पाणी, आन् पिता येत नाही!” एवढेच त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी आम्ही जुन्या गोव्याला गेलो. बॉम जीझस बॅसिलिकेचे बांधकाम 1605 मध्ये पूर्ण झाले आणि 1986 मध्ये जुन्या गोव्यातील चर्चवास्तूंना जागतिक वारशाचा मान मिळाला, ही माहिती आम्ही मुलांना प्रवासातच दिली होती. परंतु संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांसमोर येताच ती सारी माहिती मागे राहिली. 1552 साली चीनच्या दाराशी, एका बेटावर देह ठेवलेल्या त्या संतापुढे आमची मंडळी आपोआप स्तब्ध झाली. कोणी न सांगता स्त्रियांनी डोक्यावर पदर घेतले, मुलांचा गलबला थांबला. पाहण्यातही आदब असते, हे आमच्या लोकांना शिकवावे लागत नाही, असे वाटून आम्हांला अभिमान वाटला. तो अभिमान सायंकाळपर्यंतही टिकला नाही.

सायंकाळी पणजीत उघड्या बसची सहल होती. तिकिटे आम्हीच काढली. वरच्या मजल्यावर मोकळा वारा, उजवीकडे मांडवीचे विस्तीर्ण पात्र आणि हाती ध्वनिक्षेपक घेतलेला एक हसतमुख तरुण मार्गदर्शक. तो आपल्या कामात कुशल होता. त्याला आम्ही दोष देत नाही. मिरामार मागे टाकल्यावर किनाऱ्यालगत बस थांबली आणि तो म्हणाला, “आता उजवीकडे पाहा, गोव्याचे अस्सल मच्छीमार! फोटो काढून घ्या!”

वाळूवर रापण ओढली जात होती. रापण म्हणजे भले मोठे जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरील माणसे दोन रांगांनी ओढत आणतात. मग मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळची मासळी उपसून नेऊ लागले, तेव्हा गोव्याच्या रापणकारांनी मोठा लढा दिला आणि 1980 साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला. म्हणजे आम्हांला जे ‘दृश्य’ म्हणून दाखवले जात होते, ती एका समाजाने झगडून राखलेली भाकरी होती. हे काही त्या बसमध्ये सांगितले गेले नाही आणि आम्हांलाही त्या वेळी आठवले नाही.

मुले टाळ्या पिटू लागली, मोबाईल पुढे झाले. कोणीतरी मोठ्याने हाक दिली, “इकडे बघा, इकडे!” ती हाक आमचीच होती, हे येथे कबूल केले पाहिजे. वाळूवर बसून मासळी निवडणाऱ्या एका स्त्रीने मान वर केली, आमच्याकडे पाहिले आणि डोक्यावरचा रुमाल चेहऱ्यावर ओढून घेतला.

आमच्या शेजारी बसलेली, मजुरी करणारी बाई हलक्या आवाजात म्हणाली, “फादर, त्या बाईनं तोंड झाकलं बघा. टँकरच्या सालात मीबी असंच झाकलं व्हतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते आम्हांला अधिक लागले. 2016 चा उन्हाळा मराठवाड्यातला माणूस विसरणार नाही. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्या जिल्ह्यातही टँकरपुढे घागरींच्या रांगा लागल्या आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरे आले. मदत देऊ इच्छिणारी काही सज्जन मंडळी आमच्याकडेही आली. त्यांना छायाचित्र हवे होते. आम्हीच वस्तीतल्या स्त्रियांना रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभे केले आणि “जरा पुढे या, चेहरा दिसू द्या” असे सांगितले. पुढे मदत आली, तिच्यातून पाण्याची टाकी उभी राहिली, आणि ते छायाचित्र आमच्या सभागृहाच्या भिंतीवर लागले. त्यात एका स्त्रीचा चेहरा पदराआड आहे. इतकी वर्षे रोज त्याच्यासमोरून जाऊनही आम्ही ते कधी निरखून पाहिले नव्हते.

रात्री मुक्कामी ह्यावर बरीच चर्चा झाली. शाळेतला शिपाई म्हणाला, “फादर, एवढं मनाला लावून घेऊ नका. लोक बघायला आले नाहीत तर गोव्यातल्या कितीतरी घरांत चूल कशी पेटेल?” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शिवाय, पाहिले नाही म्हणजे पाप टळले, असेही नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत माणसाच्या दाराशी लाजरस फोडांनी भरून पडला होता. त्या श्रीमंताचा अपराध हा की, त्याने त्याची कधी दखलच घेतली नाही. आमच्या घागरींकडेही कोणी पाहिले नसते, तर पाणी आले नसते. मग चूक कुठे झाली?

वाचकहो, आम्हांला ह्याचे उत्तर जक्कयाच्या गोष्टीत सापडते. यरीहोचा तो जकातदार ठेंगणा होता. प्रभू येशूला पाहता यावे म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला. त्याचे कुतूहल प्रामाणिक होते आणि प्रभूने त्याबद्दल त्याला दोष दिला नाही. पण झाडावरून पाहण्याची एक सोय असते. आपण सर्वांना पाहतो, मात्र आपल्याला कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. प्रभूने नेमकी तीच सोय मोडली. तो झाडाखाली थांबला, त्याने वर पाहिले, नावाने हाक मारली, खाली उतरायला सांगितले आणि आज तुझ्याच घरी उतरणार, असे कळवले. पाहणारा जक्कय आता पाहिला गेला, यजमान झाला, आणि मग गरिबांना किती देणे लागतो, हे त्याला आपोआप आठवले.

आमची उघडी बस हे असेच उंबराचे झाड होते. बसण्यात पाप नव्हते. ‘इकडे बघा’ अशी हाक मारूनही आम्ही वरच राहिलो, हा आमचा दोष होता. 2016 सालीही आम्ही तेच केले. साध्य चांगले असले, तरी माणूस हा साधन होऊ शकत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे व्यासपीठावरून सांगत आलो आहोत. त्या दिवशी उन्हात उभ्या असलेल्या आमच्याच धर्मग्रामातील भगिनीला मात्र आम्ही साधे विचारलेही नव्हते. आणि ज्या संताच्या अवशेषांपुढे आम्ही सकाळी नतमस्तक झालो, त्याने स्वतः दक्षिणेच्या किनाऱ्यावर पारवा मच्छीमारांमध्ये राहून, हातात घंटा घेऊन, त्यांच्या मुलांना जमवून शिकवले होते. त्याच्या निर्जीव देहापुढे आम्ही आवाज खाली आणला, आणि जिवंत मच्छीमारांपुढे तो चढवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्यापैकी काही जण पायी त्याच किनाऱ्यावर गेले. रापण नुकतीच टाकली होती. आम्ही जरा अंतरावर उभे राहिलो आणि एका वृद्ध रापणकाराला मुलांनी दोर धरला तर चालेल का, असे विचारले. त्याने आमच्या गळ्यातील क्रूसाकडे पाहिले, मुलांकडे पाहिले आणि मानेनेच होकार दिला. अर्ध्या तासात मुलांचे तळवे लाल झाले. जाळ्यात फारसे काही आले नाही, तरी त्याने मूठभर तारल्या मुलांच्या ओंजळीत घातल्या. त्यांची कोंकणी आणि आमची मराठवाडी, कोणाला किती कळली कोण जाणे. “देव बरें करूं” मात्र मुलांनी लगेच उचलले. आदल्या दिवशीची ती स्त्री तेथे दिसली नाही. तिची क्षमा मागायची आमच्याकडून राहूनच गेली.

परभणीला परतल्यावर ज्यांची क्षमा मागणे शक्य होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. त्या बाईने आमचे सारे म्हणणे ऐकून घेतले. “राहू द्या, फादर, पाणी तर आलं,” ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “पर इचारलं असतं तर नीट हुबी ऱ्हायले असते. लुगडं तरी चांगलं नेसले असते.”

भिंतीवरचे ते छायाचित्र आम्ही उतरवून तिच्या हाती दिले. ठेवायचे की फाडायचे, हे तिने ठरवावे. भिंतीवर खिळा अजून तसाच आहे. तो काढू नये, असे आम्ही शिपायाला सांगितले आहे.