बाजू घेणारा कॅमेरा

राजकीय माहितीपट निःपक्षपाती असावा, अशी मागणी ऐकली की मला फिल्म्स डिव्हिजनचे जुने अनुबोधपट आठवतात. १९४८ साली स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेचे पट मुख्य सिनेमाआधी दाखवणं चित्रपटगृहांना सक्तीचं होतं. धरणाची भिंत, फीत कापणारे मंत्री, डोलणारी पिकं आणि वर एक धीरगंभीर, तटस्थ वाटणारा आवाज. त्या आवाजात सरकारची बाजू ठासून भरलेली असे, पण तिला बाजू म्हणायचं कुणाला सुचत नसे. धरणाखाली ज्यांची गावं गेली, त्यांना त्या पडद्यावर फारशी जागा नव्हती. प्रेक्षक तेवढ्यात बाहेर जाऊन चहा-सिगरेट उरकून येत. रंजन नव्हतंच, आणि माहितीही अर्धीच.

म्हणून दिग्दर्शकाला मत आहे का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवतानाच मत आलेलं असतं. पाहायचं ते एवढंच, की हाती आलेल्या पुराव्याशी तो इमान राखतो का. हे इमान बहुतेक वेळा सुटतं ते टाळ्या आणि हशा मिळवण्याच्या मोहापायी.

अमेरिकी माहितीपटकार मायकल मूर हा या मोहाचा मोठा बळी. ‘रॉजर अँड मी’मध्ये (१९८९) जनरल मोटर्सने कारखाने बंद केल्यावर फ्लिंट शहराची झालेली दशा तो पोट धरून हसायला लावत दाखवतो. त्यात रोनाल्ड रेगन बेकार कामगारांना पिझ्झा खाऊ घालतात. बघणाऱ्याचा समज होतो की हे त्या मोठ्या कामगारकपातीनंतर घडलं. प्रत्यक्षात ती भेट १९८० ची, रेगन निवडणुकीला उभे होते तेव्हाची. फ्लिंटचं दुःख खरंच होतं, त्याला या ओढाताणीची काहीच गरज नव्हती. पण एक तारीख सरकवलेली कळली, की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास डळमळतो.

त्याच्याच ‘फॅरनहाइट ९/११’ला २००४ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात हल्ल्याच्या दिवशी फ्लोरिडातल्या शाळेत राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या कानात कुणी तरी सांगतं, दुसरंही विमान आदळलं. ते जागचे हलत नाहीत. हातात मुलांचं पुस्तक, नजर हरवलेली, आणि मिनिटं जात राहतात. एवढं पुरे होतं. मूर मात्र त्या चेहऱ्यावर स्वतःचा आवाज चढवतो, बुश यांच्या मनात काय चाललं असेल याच्या अटकळी बांधतो. आपण हसतो, आणि तो चेहरा स्वतः वाचायचं राहून जातं. त्याच चित्रपटात इराक युद्धाआधीचं बगदाद येतं: पतंग उडवणारं मूल, खेळणारी पोरं. सद्दामच्या छळाचा तिथे मागमूस नाही. दृश्य खरं, तरी चित्र खोटं.

आपल्याकडच्या माहितीपटकार आनंद पटवर्धनांचीही बाजू उघड आहे, पण त्यांच्या चित्रपटांतलं रंजन बाहेरून चिकटवलेलं नसतं. ‘जय भीम कॉम्रेड’ची सुरुवात ११ जुलै १९९७ च्या घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातून होते. पोलिसांच्या गोळीबारात तिथे दहा दलित मारले गेले. शाहीर विलास घोगरे यांनी त्यानंतर आत्महत्या केली. चौदा वर्षं चित्रण करून २०११ साली पूर्ण झालेला हा सुमारे तीन तासांचा पट कंटाळवाणा होत नाही, कारण त्यात शाहिरी आहे, आणि वस्तीत माहिती, राग आणि शोक सगळं गाण्यातूनच सांगितलं जातं. सहा डिसेंबरला, आंबेडकरांच्या स्मृतिदिनी, शिवाजी पार्कवर जमणाऱ्या गर्दीवर नाक मुरडणारेही त्यात आपलं म्हणणं मांडतात.

त्यांच्या ‘राम के नाम’मध्ये (१९९२) कायदा शिकणाऱ्या अयोध्येतल्या राममंदिराच्या एका तरुण समर्थकाला राम कधी जन्मला ते सांगता येत नाही, आणि प्रेक्षक हसतात. तो हशा मला किंचित खटकतो. त्या पोरापेक्षा जाणत्या माणसाला तो प्रश्न विचारायला हवा होता. पण प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर त्याच्याच तोंडचं असतं, त्यामुळे माझं हे मत मी बनवू शकतो. मूर मला ही मुभा देत नाही.

अयोध्येतल्या वादग्रस्त जागेचे पुजारी लालदास याच चित्रपटात कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगतात, की हे सगळं राजकारण आहे. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. त्यांचं ते बोलणं आज ऐकता येतं, ते बाजू घेणाऱ्या एका माणसाने कॅमेरा तिथे नेला म्हणून.