उजवा कौल

आमच्या कोकणात ज्याच्यापुढे दोन वाटा येतात तो आधी देवळात जातो. गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणाला कळ्या चिकटवतो आणि सगळे गप्प उभे राहतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जमीन विकायची, विहीर पाडायची, मुलगी द्यायची, सगळ्याला कौल. मी त्याला हसत नाही. ज्याचा निकाल माणसाच्या हातात नाही त्याचा दोष तरी माणसावर येऊ नये, एवढी दया त्यात आहे.

2022 साली माझं वय 37, लग्नाला 11 वर्षं झालेली. टेस्ट ट्यूब बेबीसाठी दोन डॉक्टर पुढे होते, एक मुंबईचे आणि दुसऱ्या कोल्हापूरच्या मॅडम. सासूबाईंनी मला न सांगता कौल लावला, "मुंबईला न्यावी काय?" कळी उजवी पडली.

मुंबईचा दबदबा आमच्याकडे जुना. घरटी एक माणूस तिकडेच. शिवाय 6 ऑगस्ट 1986 ला केईएम हॉस्पिटलात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, देशातली शास्त्रीय नोंद झालेली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. (आणि मूल होऊ न देण्याचा दवाखाना 1921 साली त्याच मुंबईत काढला तो आमच्या दापोलीजवळच्या मुरूडच्या र. धों. कर्व्यांनी. आमच्या जिल्ह्याचं सगळंच उलटं.)

मुंबईच्या डॉक्टरांच्या भिंतीवर बाळांचे फोटो होते. ते म्हणाले, "शंभरातल्या साठजणींना होतं. तुम्ही फक्त आमच्यावर सोडा." मॅडमनी माझे रिपोर्ट दोनदा वाचले. "बीजं कमी आहेत. एका खेपेला होण्यापेक्षा न होण्याचा संभव जास्त. दोन खेपांच्या पुढे मी तुम्हाला 'करा' म्हणणार नाही."

परतीच्या गाडीत मी साठाचाच विचार करत होते. साठ कशाचे? रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्यांचे, की बाळ घरी नेलेल्यांचे? इंजेक्शनं सुरू केलेल्या सगळ्यांचे, की गर्भ आत सोडण्यापर्यंत पोचलेल्यांचेच? पंचविशीतल्या पोरींचे, की माझ्या वयाच्या बायकांचे? अवघड बाई दारातूनच परत पाठवली की आकडा आपोआप वाढतो. आंब्याच्या पेटीचा वरचा थर बघून खालचा सांगता येत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. फोन करून विचारलं तर म्हणाले, "ताई, आकड्यात नका अडकू." आकडा मी काढला नव्हता.

ते खोटं बोलले असं मी म्हणत नाही. आशेवाचून कोण रोज पोटात सुई टोचून घेईल? ह्यांचंही म्हणणं तेच होतं, की धीर देणारा डॉक्टर अर्धं दुखणं बरं करतो. मॅडमच्या बोलण्यानं मला तीन रात्री झोप नव्हती, हेही खरंच. पण ताप उतरायला धीर वेगळा आणि हा वेगळा. इथे प्रत्येक खेपेला बागेचे वर्षाचे पैसे जाणार, शरीर माझं झिजणार. आशा मोडली तर देणाऱ्याचं काही जात नाही. मग ती किती घ्यायची हे ज्याचं जातं त्यानं ठरवावं, आणि ठरवायला खरं काय ते आधी हातात पाहिजे. मॅडमनी ते दिलं होतं. त्यांनी दिलेली आशा थोडी होती, पण ती मला मोजता येत होती.

सासूबाई चिडल्या. "देवान उजवा दिलान नि तू घाट चढतंस?"

मी म्हटलं, "आई, तुम्ही देवाला मुंबईचंच विचारलंत. कोल्हापूरचं विचारलं असतंत तर?"

त्या जरा वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग तो पन उजवाच पडला असता. कुटंतरी न्या, पन न्या, असाच म्हणना हाय त्याचा."

एवढ्या पटकन त्या वाट काढतील असं वाटलं नव्हतं. साठाचा जबाब आणि देवाचा कौल, दोन्हीत प्रश्न कोणी कसा टाकला त्यावर सगळं होतं, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

कोल्हापूर आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आंबा घाट 2021 च्या जुलैत खचला होता, तेव्हापासून पावसाळ्यात त्याचा भरवसा कोणी धरत नाही. म्हणून दिवाळीनंतर सुरू केलं. इंजेक्शनं बर्फाच्या डब्यातून आणायची, गावात लाईट गेली की डबा घेऊन शेजारच्या इन्व्हर्टरवाल्यांकडे धावायचं. अकरा दिवस. पहिल्या खेपेला गर्भ राहिला नाही. दुसऱ्या खेपेला राहिला, नवव्या आठवड्यात गेला. मॅडम म्हणाल्या, "नवीन खेप नको." ठरलं होतं तसंच त्या म्हणाल्या.

आता बायका म्हणतात, मुंबईला गेली असतीस तर. असेलही. त्याचा कौल कोण देणार? सासूबाई मात्र तसं कधी बोलल्या नाहीत.

दुसऱ्या खेपेतला एक गर्भ कोल्हापुरात गोठवून ठेवलेला आहे. कायद्यानं 10 वर्षं ठेवता येतो. दर वर्षी त्याची फी भरावी लागते, ती आंब्याचे पैसे आले की हे भरून येतात, आणि पावती सासूबाई देवाच्या फोटोमागे ठेवतात.